‘आय-७’ एवढे पुरत नाही, प्रोसेसरचे पूर्ण नाव छापा

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या अंकात संगणकांच्या जाहिराती दाटीवाटीने येतात. ‘आय-७, १६ जीबी, एसएसडी’ एवढा मजकूर, शेजारी ठळक अक्षरात किंमत आणि खाली बर्डीचा पत्ता. दुकानाचा हिशेब किंवा मुलांचा अभ्यास यासाठी यंत्र घ्यायचे असेल तर एवढ्यावर भागते. पण नागपुरात भीमगीते, देवीची भजने, गणपतीची गाणी, झाडीपट्टीच्या नाटकांचे संगीत यांतले पुष्कळ काम आता घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत होते, आणि ते करणारी मंडळी याच जाहिराती वाचून खरेदीला निघतात. महिनाभराने तक्रार एकच असते: प्रोसेसर एवढा मोठा घेतला, तरी गाणे वाजवताना आवाज तडतडतो. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते, निवड चुकलेली असते.

संगीताच्या कामात प्रोसेसर नेमके काय करतो ते आधी पाहू. ४८ किलोहर्ट्झवर काम करताना एका सेकंदाच्या आवाजाचे ४८,००० नमुने असतात. संगणक ते एकेक न हाताळता तुकड्यांनी हाताळतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात. बफर १२८ ठेवला तर एक तुकडा २.६७ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे दर २.६७ मिलिसेकंदांत सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइनचा (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) हिशेब उरकून पुढचा तुकडा इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) हाती द्यायचा, आणि हे गाणे संपेपर्यंत अखंड चालवायचे. व्हिडिओ तयार व्हायला दोन मिनिटे जास्त लागली तर आपण चहा पिऊन येतो, व्हिडिओ बिघडत नाही. इथे तशी सवलत नाही. तबलजी समेवर आला तर आला. अर्धी मात्रा उशिरा आला तर त्याची थाप किती जोरदार होती याला काही अर्थ उरत नाही. एक तुकडा वेळेत पोचला नाही की त्या जागी खड्डा पडतो आणि कानाला ‘टक्’ ऐकू येते. म्हणून प्रोसेसरची सरासरी ताकद इथे कामाची नाही. सगळ्यात वाईट क्षणी तो वेळ पाळतो का, एवढेच विचारायचे.

गायकाचा एकच ट्रॅक घ्या. त्यावर गेट, इक्वलायझर, कॉम्प्रेसर, डी-एसर, सूर दुरुस्त करणारे प्लगइन आणि शेवटी सॅच्युरेशन अशी साखळी लावलेली असते. इक्वलायझरचे काम आटोपल्याशिवाय कॉम्प्रेसरला सुरुवात करता येत नाही, त्याचे आटोपल्याशिवाय डी-एसरला. त्यामुळे अख्खी साखळी एका वेळी एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच हिशेबनिसाकडे, चालते. शेजारी पंधरा कोअर रिकामे बसले असले तरी त्यांना हात लावता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जातात हे खरे, पण शेवटी सगळे मास्टर या शेवटच्या ट्रॅकवर एकत्र येतात आणि मास्टरवरची साखळी पुन्हा एकाच कोअरच्या डोक्यावर. तेव्हा आधी एका कोअरचा वेग पाहायचा, कोअर किती ते त्यानंतर. चाळीस-पन्नास ट्रॅकच्या गाण्याला सहा ते आठ दमदार कोअर पुरतात. बारा-सोळा कोअर लागतात ते शे-दीडशे ट्रॅकवर ऑर्केस्ट्राची सॅम्पल (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली) वाद्ये मांडून पार्श्वसंगीत करणाऱ्यांना.

याचा पुरावा प्रत्येकाच्या पडद्यावरच असतो. रीपर किंवा क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा मीटर लाल होऊन आवाज फाटत असतो आणि विंडोजचा टास्क मॅनेजर सांगतो की प्रोसेसर फक्त ३० टक्के वापरात आहे. मग कोणीतरी सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो, म्हणून हा घोळ होतो. त्याच आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ हा पर्याय निवडला की छोटे छोटे चौकोन दिसतात आणि त्यांतला एक छताला टेकलेला असतो. त्या चौकोनात बहुधा तोच ट्रॅक असतो ज्यावर चारपट ओव्हरसॅम्पलिंग (म्हणजे चारपट नमुन्यांवर हिशेब) चालू ठेवलेले सॅच्युरेशन आहे, किंवा कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाद्यांच्या प्लगइनच्या एकाच खिडकीत ढोलकी, संबळ, हलगी, टाळ आणि हार्मोनियम असे सगळे कोंबले आहे. वाद्ये दोन-दोनच्या गटाने वेगळ्या खिडक्यांत, वेगळ्या ट्रॅकवर टाकली की तेच काम तीन कोअरवर पसरते. यासाठी नवा प्रोसेसर लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

खरे तर नवा प्रोसेसर अनेकांना लागतच नाही. फक्त गळा, हार्मोनियम, तबला असे माइकवरून रेकॉर्ड करणाऱ्याने इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करावे. मग गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच ऐकू येतो, आणि बफर ५१२ किंवा १,०२४ ठेवला तरी काही बिघडत नाही. १,०२४ ला एक तुकडा २१ मिलिसेकंदांचा, म्हणजे प्रोसेसरला श्वास घ्यायला आठपट जागा. पूर्ण झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ केले, म्हणजे प्लगइनसकट तयार आवाज करून ठेवला, की त्यांचे ओझेही उतरते. पाच-सहा वर्षांपूर्वीचे धड यंत्र या कामाला आरामात चालते. वाचलेला पैसा माइकवर आणि खोलीच्या भिंतींवर घालावा.

अडचण असते ती कीबोर्ड किंवा ऑक्टापॅडवरून संगणकातली वाद्ये हाताने वाजवणाऱ्यांची. तिथे बफर खाली आणावाच लागतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. ऑक्टापॅडवर काठी पडल्यापासून हेडफोनमध्ये थाप यायला १० मिलिसेकंद लागले तर ढोलकीवाला साडेतीन मीटर लांब उभा राहून वाजवत असल्यासारखे होते. हे निभते. वीसच्या पुढे गेले की हात अडखळतो, वाजवणारा नकळत थाप अगोदर टाकू लागतो आणि पुढे सगळे ट्रॅक सरकवत बसावे लागते. १२८ च्या बफरला येणे-जाणे धरून ५.३ मिलिसेकंद होतात, त्यात इंटरफेसचे आणि त्याच्या ड्रायव्हरचे आणखी काही मिळवायचे. ६४ ला हे निम्मे होते, पण प्रोसेसरच्या हाती तुकड्यामागे १.३३ मिलिसेकंदच उरतात. चांगल्या आणि साध्या प्रोसेसरमधला फरक इथे कळतो. आणि सॅम्पलिंग रेट ९६ किलोहर्ट्झ करू नये. नमुने दुप्पट, म्हणजे काम दुप्पट. यूट्यूबवर जाणाऱ्या गाण्याला ४८ पुष्कळ झाले.

इथे एक गोष्ट प्रोसेसरच्या माथी उगाच मारली जाते. मास्टरवर लिनिअर फेज इक्वलायझर किंवा पुढचे पाहून दाबणारा लिमिटर लावून ठेवला आणि तसाच टेक घेतला, म्हणजे रेकॉर्डिंग केले, तर आवाज उशिराच येणार. त्या प्लगइनना मुळातच पुढचा आवाज हातात लागतो म्हणून ते थांबतात. जगातला सगळ्यात महाग प्रोसेसर आणला तरी तो उशीर कमी होत नाही. टेक घेताना ते बंद ठेवायचे, मिक्सच्या वेळी चालू करायचे.

आता नावांचा घोळ, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले. ‘आय-७’ हे प्रोसेसरचे नाव नव्हे, ती फक्त श्रेणी आहे. ऑफिसांमधून निघालेली यंत्रे ‘आय-७’ म्हणून विकली जातात. त्यांत बहुधा आय-७ ४७७० किंवा ६७०० असतो, अनुक्रमे २०१३ आणि २०१५ चा. दोन्ही चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे). २०२२ साली आलेला आय-३ १२१०० हाही चार कोअर, आठ थ्रेडचाच, पण त्याचा एकेक कोअर त्या दोघांना सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे हे प्रोसेसर धरत नाही. जुना आय-७ घेऊन नवे प्लगइन चालवायला बसणाऱ्याची इथेच फसगत होते.

लॅपटॉपमध्ये तर आणखी गंमत आहे. आय-७ १३५५यू पाहा. जाहिरातीत ‘१० कोअर’ लिहिलेले असते. त्यातले मोठे, वेगवान कोअर फक्त दोन. उरलेले आठ लहान, वीज वाचवणारे. आय-५ १३५००एच मध्ये मोठे कोअर चार आहेत. गाण्याच्या कामाला हा आय-५ त्या आय-७ पेक्षा सरस, आणि जाहिरातीत मात्र तो खालच्या रांगेत. शेवटचे अक्षर वाचायचे: ‘यू’ म्हणजे १५ वॉटचा, ‘एच’ म्हणजे ४५ वॉटचा, ‘एचएक्स’ म्हणजे ५५ वॉटचा. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉपमध्ये तिसरा आकडा पाहायचा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझेन ५ ७५२०यू हा ७००० चा म्हणून नवा वाटतो, पण तिसरा आकडा २, म्हणजे आतून तो २०१९ ची झेन २ रचना. ७६४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. एका आकड्याचा फरक, आणि यंत्र दोन पिढ्या मागे.

मोठे आणि लहान कोअर एकाच प्रोसेसरमध्ये ठेवायची पद्धत इंटेलने डेस्कटॉपवर बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ अखेरीपासून रुळवली. त्यात वाईट काही नाही, पण कोणते काम कोणत्या कोअरवर टाकायचे हे विंडोज ११ ला नीट कळते, विंडोज १० ला तितके नाही. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर जुने असेल तर आवाजाचा जड ट्रॅक लहान कोअरवर जाऊन पडतो आणि तडतड सुरू होते. अशा वेळी सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. तेही जमत नसेल तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) लहान कोअर बंद करून तेच गाणे वाजवून पाहावे. तडतड थांबली तर दोष कुठे आहे ते कळले. आय-५ १२४०० मध्ये सहाही कोअर मोठेच आहेत, म्हणून जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तो अजूनही डोकेदुखी न देणारा पर्याय.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीबद्दल एक सावधगिरी. या दोन पिढ्यांतल्या ६५ वॉट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू झीज होऊन यंत्र बंद पडण्याचा दोष होता. इंटेलने तो २०२४ मध्ये मान्य केला, ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतले सॉफ्टवेअर) दिले आणि खोक्यातल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणून वापरलेला १३९००के किंवा १४९००के स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नये, आणि नवा घेतला तरी मदरबोर्डचे बायॉस ताजे केल्याशिवाय दुकानातून हलू नये.

आता उन्हाळा. प्रोसेसरवरच्या लेखांत हा भाग सापडत नाही, कारण ते लेख २२ अंशांच्या खोलीत लिहिलेले असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपा लागला की मानेवाड्यातल्या किंवा जरीपटक्यातल्या वरच्या मजल्यावरची, तापलेल्या स्लॅबखालची खोली रात्री दहालाही निवलेली नसते. अशा खोलीत कूलर दिवसभर घरघरत असतो. टेक घ्यायची वेळ आली की काय करतात? कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, दाराखाली गोधडी. म्हणजे प्रोसेसरला ज्या क्षणी सगळ्यात चोख काम करायचे आहे, त्याच क्षणी खोलीची हवा थांबते आणि तापत जाते.

प्रोसेसरवरचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ ऐवजी ४० अंशांची झाली तर तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण १५ अंशांनी जास्त तापतो. जो ७५ वर राहायचा तो ९० वर जातो. रायझेन ७००० मालिकेची मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या बहुतेकांची १००. मर्यादेशी पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी २.६७ मिलिसेकंदांत बसणारी गायकाची साखळी दुपारी तीनला बसत नाही, ती याच कारणाने. यंत्रात व्हायरस नसतो आणि विंडोज नव्याने टाकून काही होत नाही. वेग कमी होण्याच्याही आधी पंखा जोर धरतो, आणि हातभर अंतरावरचा कंडेन्सर माइक ती घोंघोंही इमानदारीने टिपतो.

म्हणून इथल्या खोलीसाठी वॉट पाहून प्रोसेसर घ्यावा. १४९००के ला पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत वीज लागते. गाण्याच्या कामात तो सतत एवढी खात नाही हे खरे, पण मिक्स बाहेर काढताना बंद खोलीत छोटा हीटर लावल्यासारखेच होते. रायझेन ५ ७६०० हा सहा कोअरचा, ६५ वॉटच्या वर्गातला. पूर्ण जोरात ८८ वॉटच्या पुढे जात नाही, आणि एका कोअरचा वेग ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. घरगुती स्टुडिओसाठी आमची पहिली पसंती हीच. ट्रॅक जास्त असतील तर त्याच वर्गातला आठ कोअरचा रायझेन ७ ७७०० किंवा ९७००एक्स. दुकानात ७७००एक्सच असेल तर तोही चालेल: बायॉसमध्ये ‘इको मोड’ ६५ वॉटवर ठेवला की एका कोअरचा वेग जवळजवळ तसाच राहतो आणि उष्णता बरीच उतरते. इंटेलच घ्यायचा असेल तर लहान कामाला आय-५ १२४००, मोठ्याला कोअर अल्ट्रा ५ २४५के, मात्र त्याची वीजमर्यादा बायॉसमधून खाली आणून. नावात ‘एक्स३डी’ असलेले एएमडीचे प्रोसेसर खेळांसाठी उत्तम आहेत. त्यांच्या जादा कॅशेचे (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीचे) पैसे गाणे करणाऱ्याने मोजू नयेत, त्या पैशांत रॅम येते.

७६०० च्या खोक्यात येणारा पंखा चालतो, पण आवाज करतो. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावला आणि बायॉसमध्ये पंख्याचा वेग ७० अंशांपर्यंत संथ ठेवला तर टेकमध्ये तो ऐकू येत नाही. कॅबिनेट माइकच्या पाठीमागच्या बाजूला, जमिनीवर नाही तर वीतभर उंचीवर ठेवावे. शेजारच्या खोलीत ठेवायचे असेल तर साधी यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब नको. बाल्कनीत ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. तिथे धूळ आणि झळा दोन्ही आहेत, ती युक्ती राहू द्या. आणि कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात कॅबिनेट कधीच ठेवू नये; ओल आणि धूळ मिळून प्रोसेसरवरच्या कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. एप्रिल लागण्याआधी एकदा ब्लोअरने साफ करावे, पंखा बोटाने धरून. मोकळा सोडला तर हवेच्या जोराने भरमसाट फिरतो आणि बेअरिंग जाते.

नावाच्या शेवटचे ‘एफ’ हे अक्षर दुकानदाराला आवडते, कारण किंमत थोडी कमी दाखवता येते. १२४००एफ किंवा ७५००एफ मध्ये ग्राफिक नसते. मग पडदा लावायला वेगळे कार्ड घ्यावे लागते, आणि त्या स्वस्त कार्डाचा इवलासा पंखा सगळ्या यंत्रात जास्त किरकिरतो. गाण्याच्या कामाला ग्राफिक कार्ड लागत नाही. त्याचे ड्रायव्हर उलट आवाजाच्या आड येतात. ‘एफ’ नसलेला घ्यावा, विषय संपला.

रॅम ३२ जीबी घ्यावी, १६ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. वरच्या रायझेनना लागणाऱ्या एएम५ बोर्डावर चार पट्ट्या भरल्या तर डीडीआर५ चा वेग बराच खाली येतो. सॅम्पल वाद्यांचा भार मुख्यतः रॅमवर आणि एसएसडीवर असतो, त्यामुळे ‘तबल्याची लायब्ररी उघडायला वेळ लागतो’ ही तक्रार प्रोसेसरकडे नेऊ नये.

मॅकबद्दल थोडक्यात. २०२४ अखेरीस आलेल्या एम४ मॅक मिनीत मूळ रॅम १६ जीबी, दहा कोअर (चार वेगवान, सहा लहान), वीज कमी आणि पंखा जवळजवळ मुका. लॉजिक हे ॲपलचे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला दुसरे काही शोधायची गरज नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, ती घेतानाच ठरवावी. इंटेलच्या मॅकसाठी लिहिलेले जुने प्लगइन रोझेटा या सोयीवर चालवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ही सोय पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असे ॲपलने जाहीर केले आहे.

प्रोसेसर उत्तम, खोली थंड, तरी मध्येच ‘टक्’ येत असेल तर एखादा ड्रायव्हर रस्ता अडवतो आहे असे समजावे. लेटन्सीमॉन नावाचे फुकट सॉफ्टवेअर पंधरा मिनिटे चालवायचे, एकदा वायफाय चालू ठेवून आणि एकदा बंद करून. अडवणाऱ्या फाइलचे नाव ‘एनडीआयएस’ असेल तर नेटवर्क, ‘एनव्हीएल’ने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचे ग्राफिक, ‘एसीपीआय’ असेल तर लॅपटॉपची बॅटरी आणि वीजव्यवस्था. विंडोजचा पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावा, ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे, लॅपटॉप चार्जरला लावूनच टेक घ्यावा. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर टाकलेला असावा. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर काम करून प्रोसेसर बदलायला निघणारेही कमी नाहीत.

खरेदीआधी दुकानात तासभर मागावा. सोबत आपला इंटरफेस, हेडफोन आणि पेन ड्राइव्हवर रीपर न्यावे. ते ६० दिवस चाचणीसाठी वापरता येते. इंटरफेसचा ड्रायव्हर टाकून ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ चा बफर ठेवावा. एका ट्रॅकवर रीपरच्याच प्लगइनची सहा-सात जणांची साखळी लावून त्याच्या प्रती एकेक वाढवत जावे. ‘व्ह्यू’मधल्या परफॉर्मन्स मीटरवर नजर ठेवावी. तडतड सुरू झाली तो आकडा कागदावर लिहावा, दोन प्रती कमी कराव्यात आणि तसेच ४० मिनिटे वाजत ठेवावे. प्रोसेसरचे तापमान आणि वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो सुरुवातीला आणि शेवटी पाहावे. दुकानात एसी असतो. तिथे २४ अंश आणि आपल्या खोलीत ३८ असतील तर दिसलेल्या तापमानात १४ मिळवायचे. बेरीज ९० च्या आत राहिली तर यंत्र मे महिना काढेल. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच प्रोसेसर चांगले वाटतात, म्हणून चाळीस.

बिल पक्के, जीएसटीचे, प्रोसेसरच्या अनुक्रमांकासह घ्यावे. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या ट्रेमधून काढून दिलेल्याला दुकानदार देईल तेवढीच, आणि ती बिलावर लिहून घेतली तरच.

संपादक महोदयांना विनंती एवढीच, की जाहिरात विभागाने संगणकाच्या जाहिरातींत प्रोसेसरचे अक्षरांसकट पूर्ण नाव मागावे. ‘रायझेन ५ ७६००, ६५ वॉट, खोकाबंद, १६ + १६ जीबी डीडीआर५, वेगळे ग्राफिक कार्ड नाही’: ही ओळ किमतीच्या आकड्याखाली बारीक टाइपात आरामात मावते.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, नागपूर